पिशवी उचलणारी आणि पैसे घालणारा : एकाच मापाची शिक्षा

(स्त्री-कार्यकर्त्यांच्या कायदा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या शिबिरात कौटुंबिक हिंसा, पोटगी, वारसाहक्क या विषयांवर बरीच चर्चा झाली. हे आपले नेहमीचे विषय आहेत. मला दिलेला विषय आपल्या बैठकांत फारसा येत नाही. अमली पदार्थांच्या चोरट्या व्यापाराच्या खटल्यात एकाच वेळी अनेक आरोपींना शिक्षा होते. त्यांत एखाददुसरी बाई असते. तिला किती शिक्षा होते, कशाच्या आधारावर होते, आणि ती न्याय्य आहे का, हा तो विषय.

आधी एक गोष्ट साफ करू या. आपण कोणीही या धंद्याच्या बाजूच्या नाही. गर्दाने घरे कशी बसतात हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? नवरा किंवा मुलगा गर्दुल्ला झाला की आधी घरातली भांडी जातात, मग बाईचे मणी-मंगळसूत्र जाते, मग तिच्या अंगावर हात पडतो. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण सुरू झाले ते याच काळात. गावोगावी 'आडवी बाटली'साठी मतदान घडवून आणणाऱ्या बायका आपल्यातल्याच आहेत. त्यामुळे "विकणाऱ्याला कडक शिक्षा झाली पाहिजे" हे वाक्य आपल्या तोंडी सहज येते. प्रश्न त्यापुढचा आहे. विकणारा म्हणजे नेमका कोण? आणि आपण मागितलेली कडक शिक्षा प्रत्यक्षात कोणाच्या अंगावर पडते?

तुरुंगात कायदेविषयक मदतीच्या निमित्ताने मी बायकांना भेटते. अशाच एका मुलाखतीत एक बाई मला म्हणाली, "ताई, पिशवी माझी नव्हती, पण हात माझा होता ना." कायद्याची अडचण इतक्या थोड्या शब्दांत मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेली नाही. आज आपण तिच्या वाक्याचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध, दोन्ही तपासू.

कायदा काय म्हणतो

या विषयाचा कायदा म्हणजे गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५. कोर्टात त्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, मीही तेच म्हणेन. १४ नोव्हेंबर १९८५ रोजी तो अमलात आला. त्याआधी १९३० चा घातक औषधिद्रव्यांचा कायदा आणि अफूचे जुने कायदे होते. १९३० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १९८५ साली, गांजा वगळता, ती एकदम किमान दहा वर्षे आणि कमाल वीस वर्षे झाली, शिवाय दंड किमान एक लाख रुपये. थोडा माल असो की ट्रकभर, तो विक्रीसाठी म्हणून सापडला तर हीच शिक्षा.

सोळा वर्षे हे असेच चालले. गल्लीच्या तोंडावर पुड्या विकणाऱ्यालाही दहा वर्षे, त्याच्या मालकालाही दहा वर्षे. अखेर २००१ साली दुरुस्ती झाली आणि मालाच्या वजनाप्रमाणे तीन पायऱ्या आल्या. अल्प प्रमाण असेल तर आज एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत, पण किमान काही नाही. व्यापारी प्रमाण असेल तर मात्र तीच किमान दहा, कमाल वीस वर्षे आणि एक ते दोन लाख रुपये दंड.

हे आकडे कार्यकर्त्यांनी वहीत लिहून ठेवावेत. गांजा : अल्प प्रमाण १ किलो, व्यापारी प्रमाण २० किलोंच्या वर. चरस : १०० ग्रॅम आणि १ किलो. हेरॉइन, म्हणजे आपल्याकडचे गर्द किंवा ब्राउन शुगर : ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. कोकेन : २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम. मुंबईत ज्याला एमडी म्हणतात ते मेफेड्रोन २०१५ साली या कायद्याखाली आले; त्याचे प्रमाण २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम.

म्हणजे १९ किलो गांजा सापडला तर न्यायाधीश बाईची परिस्थिती पाहून दोन वर्षे देऊ शकतात, चार देऊ शकतात. २१ किलो सापडला तर दहा वर्षांच्या खाली एक दिवसही नाही. पिशवीत १९ किलो भरायचे की २१, हे तिने ठरवलेले नसते. बहुधा तिला वजनही माहीत नसते. पण तिच्या आयुष्याची पुढची दहा वर्षे त्या दोन किलोंवर ठरतात.

वजन कसे मोजायचे यावरही वाद झाला. ब्राउन शुगरच्या पुडीत शुद्ध हेरॉइन थोडे आणि भेसळ पुष्कळ असते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध द्रव्याचेच वजन धरावे असे सांगितले होते. २०२० साली हिरा सिंग खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो निर्णय फिरवला. आता भेसळीसकट सगळ्या पुडीचे वजन धरतात. तीनशे ग्रॅमच्या पुडीत पंधरा ग्रॅमच हेरॉइन असले तरी ते व्यापारी प्रमाण होते.

पाच आरोपींचा एक खटला

कायदा कोरडा वाटतो, म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. ओडिशा आणि आंध्रच्या सीमेवरच्या डोंगराळ भागातून तेलंगणामार्गे आपल्याकडे गांजा येतो, हे वर्तमानपत्रांत आपण वाचतोच. समजा, त्या वाटेने २१ किलो गांजा आला आणि खटल्यात पाच आरोपी आहेत.

पहिला पैसे घालणारा. त्याने माल पाहिलेलाही नाही. दुसरा माणसे जमवणारा मध्यस्थ. तिसरा टेम्पोचा चालक. चौथी, रेल्वेने दोन पिशव्या घेऊन आलेली बाई. तिला काही हजार रुपये मिळायचे होते आणि तिकीटही तिने काढलेले नव्हते. पाचवी, जिच्या खोलीत माल एक रात्र ठेवायचा ठरला ती, म्हणजे मध्यस्थाची बायको.

आता कायद्याची कलमे लावू. पैसे घालणाऱ्याला कलम २७-अ : दहा ते वीस वर्षे. मध्यस्थाला कलम २९, कट आणि साहाय्य : मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा, दहा ते वीस वर्षे. टेम्पोवाल्याला वाहतुकीबद्दल कलम २० खाली दहा ते वीस. पिशवीवाल्या बाईला ताबा आणि वाहतूक, तेच कलम २०, दहा ते वीस. खोलीवाल्या बाईला कलम २५, जाणूनबुजून आपली जागा वापरू दिली : मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा, दहा ते वीस.

पाच माणसे, पाच वेगळ्या भूमिका, पाच वेगळे फायदे. आणि किमान शिक्षा एकच.

कोणी म्हणेल, न्यायाधीश पहिल्याला वीस आणि चौथीला दहा देतील, झाला की फरक. होऊ शकतो. कलम ३२-ब मध्ये किमान शिक्षेपेक्षा जास्त शिक्षा देताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात याची यादी आहे : हिंसा किंवा शस्त्राचा वापर, सरकारी पदाचा गैरवापर, अल्पवयीन मुलांना गुंतवणे, शाळा-कॉलेजाच्या आवारात किंवा जवळपास गुन्हा करणे, संघटित टोळीत असणे. ही यादी चांगली आहे, पण ती एकाच दिशेने जाते. शिक्षा वाढवण्याची कारणे कायद्याने लिहून दिली, कमी करण्याचे एकही कारण लिहिले नाही. दहा वर्षांच्या पायरीखाली उतरायला जिनाच ठेवलेला नाही. परिवीक्षेचा, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा, १९५८ चा कायदाही अठरा वर्षांवरील आरोपींना या गुन्ह्यांत लागू होत नाही. सेवनासारखे एकदोन गुन्हे तेवढे वगळलेले आहेत.

आणि पहिला आरोपी, पैसे घालणारा, तो पिंजऱ्यात उभा असेलच याची खात्री काय? माल त्याच्या हातात नाही, खोली त्याच्या नावावर नाही. त्याच्यापर्यंत जायला बँकेचे व्यवहार, फोनची नोंद, महिनोन्‌महिन्यांचा तपास लागतो. पिशवीवालीला पकडायला फलाटावरची दहा मिनिटे पुरतात. शिवाय तिच्याविरुद्ध कायद्याची गृहीतके तयारच आहेत. कलम ५४ प्रमाणे माल ताब्यात सापडला की गुन्हा केला असे गृहीत धरता येते. कलम ३५ प्रमाणे गुन्हेगारी हेतू होता असे गृहीत धरायचे, आणि तो नव्हता हे तिने सिद्ध करायचे, तेही वाजवी संशयापलीकडे. २००८ साली नूर आगा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही कलमे वैध ठरवली, पण आधी माल खरोखर ताब्यात होता वगैरे पायाभूत गोष्टी सरकारने सिद्ध केल्याच पाहिजेत, असेही बजावले. द्राक्षांच्या खोक्यात हेरॉइन आणल्याच्या आरोपातून त्या खटल्यातला आरोपी सुटला. आपल्या वकिलांना हा निकाल माहीत हवा.

माहिती देणाऱ्याला सरकार कलम ६४ खाली खटल्यातून अभय देऊ शकते. हे कलम कोणाच्या उपयोगी पडते याचा विचार करा. ज्याला टोळीची माहिती आहे त्याच्याकडे देण्याजोगे काही असते. जिला फक्त "अमुक स्टेशनात उतर, लाल टोपीवाला येईल" एवढेच सांगितलेले असते, तिच्याकडे देण्यासारखे काहीच नसते. धंद्यात जितकी खालची जागा, तितकी सौदा करण्याची ताकद कमी.

शिक्षेनंतरची शिक्षा

दहा वर्षे म्हणजे खरोखर दहा वर्षे, हेही लक्षात घ्या. इतर कैद्यांना चांगल्या वर्तणुकीबद्दल आणि कामाबद्दल शिक्षेत सूट मिळते. खुनाच्या कैद्यालाही ती मोजली जाते. एनडीपीएसच्या कैद्याला कलम ३२-अ प्रमाणे ती मिळत नाही. अपवाद फक्त सेवनाच्या गुन्ह्याचा. हे कलम १९८९ साली आले. त्यात अपील चालू असताना शिक्षा तहकूब करण्याचा न्यायालयाचा अधिकारही काढून घेतला होता. आपल्या राज्यातूनच गेलेल्या दादू विरुद्ध महाराष्ट्र सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली तेवढा भाग घटनाबाह्य ठरवला. सूट नाकारणारा भाग मात्र अजून कायम आहे.

मग दंड. एक लाख रुपये. पैसे घालणाऱ्याला ती रक्कम किरकोळ असते. बाई भरू शकत नाही, म्हणून दहा वर्षे संपल्यावर आणखी काही महिने किंवा वर्षे कैद. गरिबीसाठी वेगळी शिक्षा म्हणतात ती हीच. २०१२ साली गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दंड न भरल्याबद्दलची तीन वर्षांची कैद सहा महिन्यांवर आणली. असे अर्ज करता येतात, पण ते करणारे कोणी तरी हवे.

आणि खटला उभा राहण्याआधीचे काय? व्यापारी प्रमाण असेल तर कलम ३७ आड येते. आरोपी दोषी नाही असे मानायला वाजवी कारण आहे आणि जामिनावर असताना ती पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटली तरच जामीन. खटल्याआधीच निर्दोष असल्याचे पटवायचे! फौजदारी प्रक्रियेत स्त्री म्हणून जामिनाबाबत जी वेगळी सवलत आहे, तिच्यावर या कलमाची अट चढते. आरोपपत्राची मुदतही साठ-नव्वद दिवसांऐवजी एकशे ऐंशी दिवस आहे आणि ती वर्षापर्यंत वाढवता येते. तोवर मूल सहा वर्षांचे झाले की तुरुंगातून बाहेर जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हीच वयोमर्यादा घालून दिली. बाहेर म्हणजे कुठे, हे ज्याचे त्याने पाहायचे.

न्यायालये एकाच सुरात बोलत नाहीत

दोन निकाल शेजारी ठेवून पाहू.

एप्रिल २०२१ मध्ये गुरदेव सिंग विरुद्ध पंजाब सरकार या प्रकरणात आरोपीकडे एक किलो हेरॉइन सापडले होते. पंधरा वर्षांची शिक्षा झाली. मी गरीब आहे, केवळ वाहक आहे, घरात कमावणारा मी एकटाच आहे, असे त्याचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की एवढ्यावरून शिक्षा सौम्य करता येणार नाही. माल व्यापारी प्रमाणाच्या चौपट होता आणि समाजावर होणारा परिणाम पाहिला पाहिजे. शिक्षा कायम राहिली.

पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, छत्तीसगडमधल्या एका वृद्ध, निरक्षर, ग्रामीण स्त्रीचे अपील त्याच न्यायालयापुढे आले. गांजाच्या प्रकरणात तिलाही पंधरा वर्षे झाली होती. तिचे वय, निरक्षरता आणि परिणामांची जाणीव नसणे हे न्यायालयाने लक्षात घेतले आणि शिक्षा बारा वर्षांवर आणली. तिच्याबद्दल कणव वाटली तरी कायद्याने आखलेली रेषा दहाची. त्याखाली कोणालाच जाता येत नव्हते.

म्हणून माझे म्हणणे असे की हा एकेका न्यायाधीशाच्या चांगुलपणाचा प्रश्न नाही. भूमिकेचे माप कायद्यातच नाही.

थोडी जमेची बाजूही सांगते. २०११ साली मुंबई उच्च न्यायालयाने, दुसऱ्यांदा केलेल्या ठरावीक मोठ्या गुन्ह्यांना असलेली सक्तीची फाशी घटनेत बसत नाही असा निर्णय दिला. न्यायाधीशाला पर्याय हवाच, असे सांगितले. २०१४ च्या दुरुस्तीने ते कायद्यातही आले. २०२० साली तोफान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणी अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून वापरता येणार नाही असे ठरवले. कोऱ्या कागदावर अंगठे घेतल्याच्या ज्या तक्रारी आपण ऐकतो, त्यांना यातून मोठा आधार मिळाला. २०२३ साली मोहम्मद मुस्लिम प्रकरणात, खटला रखडत असेल तर कलम ३७ असूनही जामीन देता येतो, असे त्या न्यायालयाने म्हटले.

पण आपण तर विवेकाधिकाराच्या विरोधात होतो!

आता एक अवघड प्रश्न. मथुरा प्रकरणानंतर आपल्या चळवळीने बलात्काराचा कायदा बदलण्यासाठी लढा दिला. १९८३ साली किमान सात आणि काही प्रकारांत दहा वर्षांची शिक्षा आली. पण सोबत एक पळवाट ठेवली होती : पुरेशी आणि विशेष कारणे असतील तर न्यायाधीशाला कमी शिक्षा देता येईल. त्या पळवाटेतून तरुण वय, पुढचे आयुष्य, आता लग्न झाले आहे, अशी कारणे दाखवून पुरुषांच्या शिक्षा कमी झाल्या. आपण आरडाओरडा केला आणि २०१३ साली ती तरतूद गेली. मग तिथे न्यायाधीशाचा विवेकाधिकार नको म्हणणाऱ्या आपण, इथे तो हवा असे कसे म्हणणार?

हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर द्यायला हवे. १९८३ आणि १९८५, दोन वर्षांच्या अंतराने झालेले हे दोन कायदे. एकात बलात्कार करणाऱ्यासाठी सुटकेची फट ठेवली, दुसऱ्यात पिशवी उचलणाऱ्यासाठी ती ठेवली नाही. हुंडाबळीला आजही किमान शिक्षा सात वर्षे आहे. खुनाच्या प्रयत्नाला दहा वर्षांपर्यंत, दुखापत झाली तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, पण सर्वसाधारणपणे किमान काहीच नाही. बायको जळून मेली तर किमान सात, आणि २१ किलो गांजा वाहिला तर किमान दहा. ही कोणत्या तराजूची मापे आहेत?

आपला विरोध मोकाट विवेकाधिकाराला होता. न्यायाधीशाच्या मनातल्या समजुती, बाईचे चारित्र्य, पुरुषाचे भवितव्य, यांवर शिक्षा ठरू नये हा आपला आग्रह होता आणि आहे. इथे आपण मागतो आहोत तो लिखित, कारणे नोंदवून वापरायचा, यादीने बांधलेला अधिकार. आरोपीचा स्वभाव किंवा भवितव्य सोडून गुन्ह्यातली तिची प्रत्यक्ष भूमिका काय, हे पाहणारा. या कसोटीला जो वाहक पुरुष उतरेल त्यालाही ती लागू व्हावी. फक्त बाई म्हणून दया, असे आपण म्हणत नाही. तसे म्हटले तर पिशव्या बायकांच्याच हाती द्यायला धंदेवाल्यांना नवे कारण मिळेल.

दुसरीकडे काय करतात

इंग्लंड-वेल्समध्ये २७ फेब्रुवारी २०१२ पासून अमली पदार्थांच्या शिक्षांसाठी मार्गदर्शक नियम लागू झाले. त्यांत वजनाबरोबर भूमिकेच्या तीन पायऱ्या आहेत : प्रमुख, महत्त्वाची आणि कमी. एक किलोच्या आसपास हेरॉइन किंवा कोकेन देशात आणले तर प्रमुख भूमिकेला ११ वर्षे, महत्त्वाच्या भूमिकेला ८ आणि कमी भूमिकेला ६ वर्षे, हा हिशेबाचा आरंभबिंदू. दुसऱ्याच्या हुकमाखाली मर्यादित काम करणे, दबाव किंवा धमकीने ओढले जाणे, भोळेपणाचा फायदा घेतला जाणे, धंद्याचा आवाका माहीत नसणे, ही कमी भूमिकेची लक्षणे लिहून दिली आहेत. सहा वर्षे काही थोडी नाहीत, आणि दबाव होता हे तिथेही बाईला पटवून द्यावेच लागते. पण प्रश्न विचारला तर जातो.

कोस्टारिका या छोट्या देशात तुरुंगात अमली पदार्थ नेणाऱ्या बायकांना आठ ते वीस वर्षे शिक्षा होती. २०१३ साली कायदा बदलून, गरीब, घर चालवणाऱ्या किंवा मुले-वृद्ध अवलंबून असलेल्या स्त्रियांसाठी ती तीन ते आठ वर्षे केली आणि तुरुंगाबाहेरच्या पर्यायांची सोय केली. २००८ साली इक्वेडोरने छोट्या वाहकांना माफी देऊन दोन हजारांहून अधिक कैदी सोडले. संयुक्त राष्ट्रांनी २०१० मध्ये स्वीकारलेल्या बँकॉक नियमांतला ६१ वा नियम सांगतो की स्त्रीला शिक्षा देताना तिचा आधीचा गुन्हा नसणे, कृत्याचे स्वरूप आणि तिच्यावरची सांभाळाची जबाबदारी विचारात घेण्याचा अधिकार न्यायालयांना असावा.

आपल्या मुंबईचा इतिहासही विसरू नका. एकोणिसाव्या शतकात याच बंदरातून माळव्याची अफू चीनला जात होती. त्या व्यापारातले एक मोठे नाव जमशेटजी जिजीभॉय. त्यांना १८४२ साली 'सर' ही पदवी मिळाली. त्या काळी तो व्यापार कायदेशीर होता हे खरे. पण भांडवल घालणाऱ्याच्या वाट्याला प्रतिष्ठा आणि ओझे वाहणाऱ्याच्या वाट्याला धोका, ही वाटणी नवी नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

आपण काय मागायचे, काय करायचे

मागण्या चार आहेत. एक, कलम ३२-ब मध्ये शिक्षा कमी करण्याच्या कारणांची यादी घाला आणि ती कारणे सिद्ध झाली तर, ती नोंदवून, किमान शिक्षेखाली जाण्याची मुभा द्या. दोन, अनेक आरोपी असलेल्या खटल्यात प्रत्येकाच्या भूमिकेबद्दल निकालपत्रात स्वतंत्र निष्कर्ष असावा. तीन, कलम ३२-अ मधली सुटीवरची बंदी उठवा. चार, दंड भरता आला नाही म्हणून होणारी कैद आरोपीची ऐपत पाहून ठरवा.

कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. अटकेची बातमी कळली की पहिल्या आठवड्यात काय करायचे ते सांगते.

विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यातल्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. पहिल्याच दिवशी अर्ज करा. पंचनाम्याची प्रत मिळवा आणि ओळ न्‌ ओळ वाचा. अंगझडती बाईनेच घेतली का? कलम ५० प्रमाणे तसे बंधन आहे. राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घेण्याचा हक्क तिला सांगितला का, आणि तिला समजणाऱ्या भाषेत सांगितला का? हा हक्क अंगझडतीपुरता आहे. फक्त हातातल्या पिशवीच्या झडतीला तो लागू नाही, हेही ध्यानात ठेवा. नमुने कलम ५२-अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यासमोर घेतले का? गांजा असेल तर वजन कशाचे केले? कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पाने आणि बिया त्यात येत नाहीत. पाने, काड्या, पोते यांसकट वजन केले असेल तर वीस किलोंची रेषा तिथेच हलते. एकशे ऐंशीवा दिवस कोणता, त्यावर वहीत खूण करा.

भूमिकेचा पुरावा त्याच वेळी गोळा करा, कारण तो लवकर हरवतो. तिकीट कोणी काढले, फोन कोणाच्या नावावर, पैसे कोणाच्या खात्यातून आले, ती आधी कधी त्या गावाला गेली होती का? नवऱ्याने किंवा सासरच्या कोणी मारझोड करून भाग पाडले असेल, तर आपल्या केंद्रातल्या जुन्या तक्रारी, दवाखान्याचे कागद, संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल, हे सगळे उपयोगी आहे. हा पुरावा आपल्याकडेच असतो. वकिलाला त्याचा पत्ता नसतो.

दोषी ठरवल्यावर शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. पूर्वीच्या फौजदारी संहितेत ते कलम २३५ होते, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत २५८ आहे. बहुतेक वेळा ही सुनावणी दोन वाक्यांत उरकते : घरी लहान मुले आहेत, दया करावी. तिथे तिची भूमिका मांडणारे कागद न्यायालयापुढे गेले पाहिजेत. किमान दहा असले तरी दहा आणि पंधरा यांत मुलाचे अख्खे बालपण मावते.

आणि मुलांकडे पाहा. आईवडील तुरुंगात असलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज करता येतो. तो भरायला आजीला लिहिता येत नाही, म्हणून मुलगी शाळा सोडते. तो अर्ज आपण भरू शकतो.

शेवटी एक सांगते. या बायका आपल्या मोर्च्यात येणार नाहीत. त्यांच्या बाजूने बोलले की "तुम्ही गर्दवाल्यांची बाजू घेता का?" असे विचारतील, आपल्याच वस्तीतल्या बायका विचारतील, ज्यांची मुले या धंद्याने नेली आहेत. त्यांच्यासमोर बसून हे सगळे नीट समजावून सांगावे लागेल. मला वाटते त्यांना ते आपल्याआधी कळेल. वस्तीत माल कोणाचा आहे आणि पिशवी कोण उचलते, हे त्या रोज पाहतात. ते न्यायालयात नोंदवले जावे, एवढीच आपली मागणी आहे. पुढच्या बैठकीला प्रत्येक केंद्राने आपल्या जिल्ह्यातल्या तुरुंगात या कायद्याखाली किती स्त्रिया आहेत, त्यांना वकील आहे का आणि त्यांची मुले कुठे आहेत, याची यादी आणावी. तिथून काम सुरू करू.